अत्तिकेरेची ओटी

हंबीरराव युगादीला जेवायला येतील की नाही, यावर बेंगळूरच्या जे. पी. नगरमधल्या घरात सकाळपासून कुणी बोललं नव्हतं. रत्नाबाईंनी पुरण मात्र नेहमीपेक्षा जास्त शिजवलं होतं. शिवरात्रीपासून धाकट्या दिरानं या घरात पाऊल टाकलं नव्हतं. फोन केला की अत्तिकेरेच्या किराणा दुकानातून निरोप जायचा आणि 'शेतावर गेलेत' एवढंच उत्तर यायचं. तळं कोरडं, विहिरीत खडखडाट, मग शेतावर जाऊन हा माणूस करतो तरी काय, असं रत्नाबाईंच्या मनात यायचं. पण ते विचारायची सोय नव्हती, कारण चूक या घराची होती आणि ती मान्य करणारं घरात कुणी नव्हतं.

चूक म्हणावी तर त्यात वाईट काहीच नव्हतं. होसकोटेजवळचं अत्तिकेरे हे रावांचं मूळ गाव, म्हणजे पूर्वज इकडे फौजेबरोबर आले आणि राहिले ते. तिथलं तळं गाळानं भरत भरत परातीएवढं उथळ झालं होतं. हंबीरराव गावातच राहणारे. दोन वर्षं ते संध्याकाळी एकेका घराच्या ओट्यावर जाऊन बसले, भांडणं मिटवली, नवी ओढवून घेतली, आणि शेवटी पद्मावती नावाच्या बाईंच्या संस्थेला गावात आणलं. योजना साधी होती. उन्हाळ्यात तळ्यातला गाळ काढायचा आणि तोच गाडीनं शेतात पसरायचा, म्हणजे खताची पोती कमी लागतील. बांधावर होंगेची, म्हणजे करंजाची, झाडं लावायची, मुळं माती धरतील आणि पाला शेताला जाईल. पाणी आणणारे ओढे मोकळे करायचे आणि तळ्याखाली पुन्हा रागी-अवरे, म्हणजे नाचणी-पावटा, पिकवायची. खर्चाचे तीन वाटे संस्था देणार होती आणि चौथा गावानं द्यायचा होता. तो चौथा वाटा तळ्याखाली शेत असलेल्या प्रत्येक घरानं आपल्या ऐपतीनं द्यायचा, कुणी अंगमेहनत, कुणी बैलगाडी, कुणी रागी, ही बाईंची एकच अट. गाव राजी झालं आणि खणायला सुरुवातही झाली.

आणि शिवरात्रीच्या जत्रेत, देवळासमोर, हार घालून घेऊन, रत्नाबाईंच्या नवऱ्यानं, जयसिंगरावांनी, गावाचा तो अख्खा वाटा एकट्यानं देऊन टाकला.

त्यांना कुणी मागितला नव्हता. पण देवळाची घंटा रावांनी दिलेली, शाळेची खोली रावांनी बांधलेली, बसथांब्यावरचं छप्परही रावांचंच. गरीब माणसांनी उन्हात पाट्या वाहायच्या आणि रावांच्या घरानं बघत बसायचं, हे त्यांच्या पचनी पडेना. गावानं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तळ्यात खणायला कुणीही आलं नाही. रावांनी दिलंय म्हटल्यावर आपण कशाला, असं प्रत्येकानं आपापल्या घरी अगदी प्रामाणिकपणे ठरवलं होतं. तळ्याच्या समितीच्या बैठकीला हंबीरराव आणि देवळाचे पुजारी नरसिंहराव असे दोघेच उरले. पद्मावतीबाई येऊन हे सगळं बघून गेल्या आणि जाताना हंबीररावांना म्हणाल्या, एका घराच्या पैशावर चालणाऱ्या गावाला माझी माणसं निधी देणार नाहीत, आणि दिला तरी तळं पाच वर्षांत पुन्हा भरेल. युगादीच्या दुसऱ्या दिवशी मी येते, तोवर काय ते बघा.

उद्या तो दुसरा दिवस होता.

दार वाजलं तेव्हा रत्नाबाई होळगे लाटत होत्या. हंबीरराव आत आले, पायावर पाणी घेतलं, थोरल्या भावाला वाकून नमस्कार केला आणि पाटावर जाऊन बसले. त्यांनी हातात कडुलिंबाची डहाळी आणली होती, घरच्या झाडाची. रत्नाबाईंनी ती घेतली आणि त्यांच्या पानात एक होळगे जास्त वाढलं.

जेवण शांतपणे सुरू झालं. जयसिंगरावांनी पावसाचा अंदाज विचारला, गाईच्या पायाचं विचारलं, आणि जे. सी. रोडवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात आता परदेशी गाड्यांचेच भाग कसे मागतात ते सांगितलं. दुकान आता शंभूराज बघायचा. तो बापाच्या उजव्या हाताला बसला होता आणि नेमक्या ठिकाणी मान हलवत होता. हंबीरराव सगळ्याला 'हूं' म्हणत जेवले. भात संपल्यावर त्यांनी हात आवरला.

"अण्णा, एक मागायला आलोय," ते म्हणाले. "दिलेलं परत घ्या."

जयसिंगरावांना आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग त्यांनी ताक प्यायलं, पेला खाली ठेवला, आणि कुठल्याही मोठ्या माणसानं लहान मुलाला सांगावं तसं समजावून सांगितलं, की आपल्या घरात दिलेलं परत घेत नाहीत. त्यासाठी त्यांना पुरावा शोधावा लागला नाही. आजोबांनी अत्तिकेरेच्या देवळाला एक गाय दिली होती. ती रोज संध्याकाळी आपली आपण रावांच्या गोठ्यात परत यायची. आणि आजोबा रोज तिला दावं लावून, गावातून चालत, देवळात सोडून यायचे. गाय मरेपर्यंत हा क्रम चालला. एक दिवसही त्यांनी तिला गोठ्यात ठेवून घेतलं नाही. ही गोष्ट या घरात प्रत्येक लग्नात, बारशात आणि भांडणात सांगितली जायची, आणि शंभूराजला ती पाठ होती.

"अप्पांचं खरं आहे, काका," शंभूराज म्हणाला. "लोक काय म्हणतील? रावांना पैशाची ओढ लागली म्हणतील. त्या बाईंना नको असेल तर नको. तळं काय, आज ना उद्या सरकार करेलच की."

हंबीररावांनी पुतण्याकडे बघितलं. वाद घालायची त्यांना सवय होती, पण ती अत्तिकेरेच्या ओट्यांवरची. इथे, या मोझेकच्या फरशीवर थोरल्या भावासमोर त्यांची जीभ नेहमी जड व्हायची. त्यांनी एवढंच सांगितलं की निधी गेला तर यंदाचं शेत गेलं. आणखी एक बोअर खणायची ना त्यांची ऐपत होती ना इच्छा, कारण शेजारच्या दोन बोअर कोरड्याच गेल्या होत्या. मग जमीन विकून बेंगळूरला यायचं आणि दुकानात गल्ल्यावर बसायचं. हे त्यांनी रडगाणं म्हणून सांगितलं नाही. सांगून झाल्यावर मात्र ते खाली मान घालून म्हणाले, "अण्णा, दोन वर्षं मी त्या गावात फिरलो. द्यायच्या आधी मला एकदा विचारायचं होतं. स्वल्प विचारायचं होतं, एवढंच."

जयसिंगरावांना हे अनपेक्षित होतं. धाकट्याला विचारायचं, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात आलीच नव्हती. त्याच्यासाठीच तर केलं, असं त्यांना वाटत होतं, आणि ते खरंही होतं.

शंभूराजची बायको अंजली पंगतीला वाढत होती. ती मूळची पुण्याची. लग्न होऊन या घरात आली तेव्हा होळग्याला पुरणपोळी म्हणायची, आणि अजूनही म्हणायची. सासरच्या या कन्नडमिश्रित मराठीवर ती मनातल्या मनात हसायची, पण हंबीररावांवर नाही. एकदा तळ्यात पाणी असताना ती अत्तिकेरेला गेली होती. तेव्हा त्यांनी तिला बांधावरून चालवत सगळं दाखवलं होतं, पाणी कुठून येतं, कुठे जातं, कुणाच्या शेतात आधी. सासरच्या माणसांपैकी तिला कुणी काही इतक्या आवडीनं समजावून सांगितलं नव्हतं. शिवाय तिला एक गोष्ट माहीत होती जी या पंगतीत फक्त तिच्या नवऱ्याला माहीत होती. ती सांगावी की नाही, हे तिनं भात वाढताना ठरवलं नव्हतं. ताक वाढताना ठरवलं.

"शंभू, ते जमिनीवाले गृहस्थ परवा दुकानात येणार होते ना?" ती अगदी सहज म्हणाली. "मग आता त्यांना फायनल काय सांगायचं ठरलं?"

शंभूराजचा हात पानावर थांबला. अंजलीनं त्याच्या पेल्यात ताक ओतलं आणि पुढे सरकली.

मग सगळं बाहेर आलं, आणि फार आवाज न होता आलं. व्हाइटफील्डला काचेची मोठी इमारत उभी राहत होती आणि तिच्या पलीकडच्या गावांत माणसं जमिनी विचारत फिरत होती. त्यातला एक अत्तिकेरेची, समोर तळं दिसणारी जमीन मागत होता. शंभूराजनं त्याला हो म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं. तळ्याचं काम उभं राहिलं असतं तर काका कधीच विकायला तयार झाले नसते, हे त्याला कळत होतं. त्यानं ते कबूलही केलं. तो लबाड मुलगा नव्हता. दुकानाला उतरती कळा लागली होती आणि त्याला भीती वाटत होती, एवढंच. ही भीती त्यानं बापाला कधी सांगितली नव्हती, कारण बाप प्रत्येक वेळी गाईची गोष्ट सांगायचा.

जयसिंगराव मुलावर रागावले नाहीत. आपल्या बाजूनं बोलणारा मुलगा आपल्या बाजूनं नव्हता, आणि आपल्याविरुद्ध बसलेला भाऊ आपल्याकडेच काही मागायला आला होता, हे त्यांना एकदम दिसलं आणि फार एकटं वाटलं. तरीही ते म्हणाले, की असेल, पण घेतलेला हार आणि दिलेला शब्द परत होत नाही. ती गाय...

"ती गाय परत का यायची?" रत्नाबाईंनी विचारलं.

त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हाताला पीठ होतं. गाईच्या गोष्टीत मध्येच प्रश्न विचारायची पद्धत या घरात नव्हती.

"मला सासूबाईंनी सांगितलंय," रत्नाबाई म्हणाल्या. "देवळात तिला पाणी कुणी दाखवत नव्हतं. रावांची गाय, राव बघतील, असं पुजाऱ्याला वाटायचं आणि गावालाही वाटायचं. दिवसभर तहानलेली असायची, म्हणून संध्याकाळी गोठ्यात यायची. सासूबाई तिला पोटभर पाणी पाजायच्या आणि मग आजेसासरे तिला परत सोडायला जायचे. त्यांची लाज राहिली. गाय मात्र लवकर मेली."

हंबीरराव भावजयीकडे बघत होते. एवढ्या वर्षांत ही गोष्ट त्यांनीही अर्धीच ऐकली होती.

"तुम्ही मनापासून दिलंत," त्या नवऱ्याला म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मऊ झाला. "पण त्या तळ्याला आता पाणी दाखवणारं कुणी राहिलं नाही. ते रावांचं झालं."

"मग काय, गावासमोर हात पसरू?" जयसिंगरावांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. "माझ्याच्यानं व्हायचं नाही, रत्ना."

"तुम्ही नका पसरू," रत्नाबाई म्हणाल्या. "मी पदर पसरीन. त्या गावची सून आहे मी. ओटीत घातलेलं परत घेतलं असं जगात कुणी म्हणत नाही."

हे हंबीररावांच्या आधी अंजलीला कळलं आणि ती हसली. जयसिंगरावांना कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ते उठले, हात धुतले आणि मागे न बघता म्हणाले, "सरी, तसंच करू. शंभू, उद्या गाडी काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाची मॅटाडोर अत्तिकेरेच्या देवळासमोर उभी राहिली. शंभूराजनंच चालवली. वाटेत तो फक्त होसकोटेला चहासाठी थांबला तेव्हा बोलला. म्हणाला, अप्पा, त्या माणसाला मी नको म्हणून सांगेन, पण दुकानाचं मात्र एकदा बसून बोलायला हवं. जयसिंगराव म्हणाले, बोलू. आणि थोड्या वेळानं म्हणाले, आधीच बोलायला हवं होतं.

हंबीररावांनी आदल्या दिवशीच पुढे जाऊन निरोप दिला होता, तरी गाव बावरलेलं होतं. रावांचा काही अपमान झाला का, म्हणून दोघं-तिघं हात जोडून पुढे आले. नरसिंहरावांनी कपाटातून पैशाचं पुडकं काढलं होतं, पण ते द्यायचं कसं, हे त्यांनाही माहीत नव्हतं. रावांना काही परत द्यायचं, याचा विधी त्यांच्या कुठल्या पोथीत नव्हता. पद्मावतीबाई एका बाजूला, बांधाच्या पायरीवर बसल्या होत्या.

रत्नाबाई गाडीतून उतरल्या त्या थेट बायकांच्या घोळक्यात गेल्या. देवळाच्या ओवरीत पाटावर बसल्या आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, की बऱ्याच वर्षांत सासरहून ओटी घेऊन गेले नाही, आज घ्यायला आलेय. बायकांना यात समजावून सांगण्यासारखं काहीच नव्हतं. कुणी तांदूळ आणले, कुणी खण, कुणी नारळ, पानसुपारी, गुळाचा खडा. एका म्हातारीनं हळदीकुंकू लावलं. आणि नरसिंहरावांच्या बायकोनं, डोळे खाली ठेवून, नारळाच्या खाली ते पुडकं ठेवलं. रत्नाबाईंनी दोन्ही हातांनी पदर धरला होता. ओटी भरल्यावर त्या उठल्या आणि ते सगळं पोटाशी धरून देवाला नमस्कार करायला गेल्या.

जयसिंगराव चपला काढून लांब उभे होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोला त्यांनी या गावात कधी काही घेताना बघितलं नव्हतं. आपण नेहमी पहिल्या आरतीला पुढे, आणि ती मागे, देण्याच्या ताटांची मोजदाद करत. काही घेताना ती किती सुंदर दिसू शकते, हे त्यांना आज कळलं, आणि ते इतक्या उशिरा कळल्याचं त्यांना खरंच वाईट वाटलं.

मग ते लोकांकडे वळले. भाषण करायची सवय होती, पण आज ते जमलं नाही. तळ्याखाली आमचंही एक शेत आहे, एवढंच त्यांनी सांगितलं. इतर घरांना असेल तसा आमच्या घरालाही एक वाटा असू द्या. तो आम्ही करू.

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. मग कुणीतरी घरी फावडं आणायला गेलं. त्याच्यामागे दुसरा गेला. ऊन चढायच्या आत तळ्यात पुन्हा माणसं दिसू लागली, आणि दोन बैलगाड्या बांध उतरून आल्या.

तळ्याच्या कोरड्या पोटात चुन्यानं पट्टे आखलेले होते, एकेका घराला एकेक. पाणी ज्या क्रमानं शेतांत जातं त्याच क्रमानं पट्टे. रावांचं शेत कालव्याच्या शेवटी, म्हणून त्यांचा पट्टाही शेवटचा, बाभळीच्या काट्यांतला. हंबीररावांनी तो दाखवला तेव्हा ते थोडे अवघडले होते. जयसिंगरावांनी धोतर वर खोचलं. शंभूराज फावड्यानं खणायचा, अंजली आणि हंबीरराव पाट्या भरून मॅटाडोरमध्ये टाकायचे. जयसिंगरावांना कुणी काही करू देईना, म्हणून त्यांनी मुलाच्या हातातून फावडं काढून घेतलं. गाळ वरून कडक होता आणि खाली मऊ, काळा, थंड. थोडं खणलं की ते थांबायचे, श्वास घ्यायचे आणि पुन्हा खणायचे.

शेजारचा पट्टा मुनियम्मा नावाच्या बाईचा होता. सूनही होती तिच्याबरोबर. मुनियम्मानं आपलं काम संपवलं, कंबर धरून सरळ झाली आणि रावांच्या पट्ट्याकडे बघत राहिली. मग ती चुन्याच्या रेघेपर्यंत आली आणि आत वाकून बघितलं.

"राव, हे कमी आहे," ती कन्नडमध्ये म्हणाली. "आमचं गुडघाभर झालंय. तुमचं एवढंसंच राहिलं तर सगळं पाणी इथेच अडेल. स्वल्प अजून खणायला पाहिजे."

सून तिला मागे ओढू लागली. आसपासच्या फावड्यांचा आवाज थांबला. अत्तिकेरेत आजवर रावांना कुणी कमी म्हटलं नव्हतं, जास्तच म्हटलं होतं. शंभूराज बापाच्या बाजूला येऊन उभा राहिला.

जयसिंगरावांनी मुनियम्माच्या खड्ड्याकडे बघितलं, आपल्या खड्ड्याकडे बघितलं. घाम पुसला. आपल्याला राग येईल अशी ते वाट बघत होते, पण तो आला नाही. हे तळं आता तिचं होतं, म्हणूनच ती बोलली होती.

पायरीवरच्या पद्मावतीबाई उठल्या होत्या आणि बांधाच्या कडेला येऊन ऐकत होत्या. त्यांनी नरसिंहरावांना विचारलं, की समितीची बैठक दुपारी देवळात होईल ना, कागद मी बरोबरच आणलेत.

जयसिंगरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते धाकट्या भावाकडे वळले.

"हंबीर," ते म्हणाले, "तू सांग. कुठवर खणू?"

हंबीररावांनी पाटी खाली ठेवली. ते खड्ड्यात उतरले आणि थोरल्या भावाच्या पायाशी वाकून, त्याच्या गुडघ्याला हात लावून दाखवलं, इथवर.

जयसिंगरावांनी मान हलवली आणि फावडं उचललं.